कॅमेरा भेट द्यायचाय? आधी मुंगीला विचारा!

मित्रांनो, तुमच्या घरात फोटोचे वेड असलेले कुणी आहे का? असणारच! कुणाचा दादा गडावर गेला की चालायचे सोडून ढगांकडे फोन रोखून उभा राहतो. कुणाची ताई लग्नघरात जेवायचे विसरते आणि रांगोळीभोवती घिरट्या घालते. कुणाचे आजोबा निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी गॅलरीत बसून बुलबुल टिपतात. मग अशा माणसाचा वाढदिवस येतो, नाहीतर परीक्षेचा निकाल लागतो, आणि घरात कुणीतरी म्हणतेच, ‘‘या वेळी त्याला खराखुरा कॅमेरा देऊ या!’’

कल्पना झकास आहे. पण कॅमेरा म्हणजे काही कंपासपेटी नव्हे. ही नाही आवडली तर दुसरी आणू, असे इथे म्हणता येत नाही. बऱ्याच घरांत त्यासाठी वर्ष-दोन वर्षे पैसे साठवावे लागतात. म्हणून तो घेण्याआधी काय बघायचे ते आज बघू या. हे सगळे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, बरं का. मी स्वतः एकदा चांगलाच आपटलो आहे. आधी ती फजितीच सांगतो.

मामाची फजिती

जून २०२२ मधली गोष्ट. माझी भाची दहावी पास झाली. ती राहते कोकणात. घरामागे जास्वंद, अबोली, केळी, आणि त्या सगळ्यांवर मुक्कामाला असलेले किडे-मुंग्या. आईचा मोबाइल हाती लागला की ही परसात पोटावर आडवी! मुंग्यांची रांग, कोळ्याचे जाळे, पानाखाली चिकटलेली फुलपाखराची अंडी, असले फोटो ती काढायची आणि आम्हांला पाठवायची. आम्हीही ‘वा, छान’ म्हणायचो आणि विसरून जायचो.

निकाल लागल्यावर घरात वर्गणी निघाली. आजीने पेन्शनमधून पैसे दिले, तिच्या आईने भिशीचे पैसे लावले, उरलेले मी घातले. खरेदीची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली, कारण मी मुंबईत राहतो आणि ‘मामाला त्यातलं कळतं’ असा सगळ्यांचा समज होता. खरे सांगायचे तर माझाही होता!

दुकानदाराने मला एकच प्रश्न विचारला, ‘‘बजेट किती?’’ मीही त्याला एकच प्रश्न विचारला, ‘‘झूम किती?’’ फोटो कशाचे काढायचे आहेत, हा खरा प्रश्न ना त्याने विचारला, ना मी सांगितला. एक कॅमेरा, एक छोटी लेन्स, एक लांबलचक झूम लेन्स आणि वर बॅग फुकट. मी खूश होऊन घरी आलो.

दिवाळीत बहिणीकडे गेलो. म्हटले, आता शे-दोनशे फोटो बघायला मिळतील. पाहतो तर भाची परसात पोटावर आडवी, आणि हातात आईचा मोबाइल! कॅमेरा कुठे? कपाटात, बॅगेत, चेन बंद.

मी काही विचारण्याआधीच ती रडवेली झाली. ‘‘मामा, तू रागावणार नाहीस ना? मुंगीच्या जवळ गेलं की ती मोठी लेन्स नुसती घुर्र घुर्र करते, फोटोच निघत नाही. छोटी लावली तर मुंगी अगदी कणीएवढी दिसते. मोबाइलवर तरी बरी येते. पण आजीने पैसे घातले होते ना... म्हणून कुणाला बोलले नाही.’’

चूक तिची नव्हती, कॅमेऱ्याचीही नव्हती. त्या लांब लेन्सला मीटरभराच्या आतली वस्तू स्पष्ट दिसतच नव्हती, आणि आमच्या भाचीचे सगळे जग हातभर अंतरातले! जिराफाला गवत चरायला सांगावे तसा प्रकार झाला. वर आणखी एक गंमत. बॅग उघडली तर कुबट वास, आणि लेन्सच्या काचेवर आतून कोळिष्टकासारखे पांढुरके धागे. पावसाळाभर कोंडून ठेवल्याने बुरशी आली होती.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी मी काय करायला हवे होते ते बघू.

थोडी हेरगिरी करा

ज्याला कॅमेरा द्यायचा आहे त्याने आतापर्यंत काढलेले फोटो नीट बघा. शेवटचे शंभर फोटो घ्या आणि चक्क वहीत रेघा मारून मोजा. माणसे किती? डोंगर-आकाश किती? पक्षी-प्राणी किती? फुले-किडे किती? घरातल्या अंधूक उजेडातले किती? ज्या रकान्यात सगळ्यांत जास्त रेघा, तिकडे त्या माणसाचे मन आहे असे समजा. मी भाचीचे फोटो असे मोजले असते तर शंभरातले नव्वद सहा पायांचे निघाले असते!

आणखी एक बघा. फोन कुठे कमी पडतो आहे? ‘‘पक्षी ठिपक्याएवढाच येतो’’, ‘‘संध्याकाळी फोटो हलतो’’, अशी कुरकुर कानावर येते का? येत असेल तर कॅमेऱ्याची वेळ झाली आहे. पण आजीला नातवंडांचे फोटो काढून फक्त नातेवाइकांना पाठवायचे असतील आणि ती फोनवरच आनंदात असेल, तर उगाच कॅमेऱ्याचे ओझे कशाला? त्यापेक्षा तिचे सर्वांत चांगले वीस फोटो छापून एक सुंदर अल्बम करून द्या. तीही छायाचित्रकाराला दिलेलीच भेट आहे.

पत्रिकेची खिडकी

लेन्सवर ‘१८-५५’, ‘५०’, ‘७०-३००’ असे आकडे असतात. ते मिलिमीटरमध्ये असतात आणि त्यांना नाभीय अंतर म्हणतात. पाठ्यपुस्तकात बहिर्वक्र भिंगाच्या धड्यात हा शब्द येतो, तोच हा. आकडा लहान असला की दृश्य रुंद दिसते, पण त्यातली प्रत्येक वस्तू छोटी. आकडा मोठा असला की लांबचे जवळ दिसते, पण थोडेसेच. हे डोळ्यांनी बघायचे असेल तर एक पैसाही खर्च न करता बघता येते.

एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या. त्यात मधोमध ४८ मिलिमीटर लांब आणि ३२ मिलिमीटर रुंद अशी खिडकी कापा. एका कोपऱ्याला दोरा बांधा. आता एक डोळा मिटा आणि खिडकीतून बघा. पुठ्ठा डोळ्याजवळ धरला तर अख्खी खोली दिसेल. हात लांब केलात तर समोरच्या घराची एक खिडकीच दिसेल. मनासारखे दृश्य मिळाले की हात तिथेच थांबवा, दोऱ्याचे दुसरे टोक डोळ्याच्या कडेपर्यंत ताणा आणि तेवढा दोरा पट्टीने मोजा. जितके मिलिमीटर येतील त्यांना दोनाने भागा. आला लेन्सचा आकडा!

म्हणजे पुठ्ठा १० सेंटिमीटरवर, तर ५० मिलिमीटरची लेन्स. हात पूर्ण लांब करून ६० सेंटिमीटरवर, तर ३०० मिलिमीटरची. आणि डोळ्यापासून साडेतीन सेंटिमीटरवर, तर १८ मिलिमीटरची.

दोनाने का भागायचे? पूर्वी कॅमेऱ्यात फिल्म असायची, आता तिच्या जागी सेन्सर नावाची चकती असते. नवशिक्यांच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत तिचा आकार साधारण २४ गुणिले १६ मिलिमीटर असतो. आपली खिडकी बरोबर त्याच्या दुप्पट आहे, म्हणून अंतरही दुप्पट झाले. (काही महागड्या कॅमेऱ्यांत सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो. त्याला फुल फ्रेम म्हणतात. त्याचे आकडे वेगळे येतील.)

आता ही खिडकी तुमच्या दादाच्या किंवा आजोबांच्या हातात द्या. ‘खेळ आहे’ म्हणून सांगा आणि त्यांचा हात कुठे थांबतो ते गुपचूप बघा. भेटीचे गुपित न फोडता निम्मे काम झाले!

साळुंकीचे गणित

आता एक सोपे गणित. साळुंकी साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे २५० मिलिमीटर लांब असते. ती तुमच्यापासून १० मीटरवर, म्हणजे १०,००० मिलिमीटरवर बसली आहे. सेन्सरवर तिचे चित्र केवढे पडेल? पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सचा आकडा भागिले अंतर.

५५ मिलिमीटरच्या लेन्सने: २५० गुणिले ५५ भागिले १०,०००, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर. २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर हा नुसता ठिपका! ३०० मिलिमीटरच्या लेन्सने: ७.५ मिलिमीटर, म्हणजे फोटोच्या रुंदीच्या जवळजवळ एक-तृतीयांश. आता डोळ्याभोवतीची पिवळी कडासुद्धा दिसेल. गॅलरीतल्या आजोबांना लांब झूम लेन्स का हवी, ते यातून कळते.

पण मुंगीची गोष्टच निराळी. तिला लांबून मोठे करायचे नसते, तिच्याजवळ जायचे असते. त्यासाठी मॅक्रो लेन्स असते. खऱ्या मॅक्रो लेन्सवर ‘१:१’ असे लिहिलेले असते. म्हणजे ८ मिलिमीटरची मुंगी सेन्सरवरही ८ मिलिमीटरचीच उमटते, फोटोच्या रुंदीच्या एक-तृतीयांश. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या लेन्सने जेमतेम त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी येते.

मॅक्रो लेन्स महाग पडते, पण तिला एक स्वस्त बहीणही आहे. तिचे नाव एक्स्टेन्शन ट्यूब. ही नुसती पोकळ कडी! आत काचबिच काही नाही. ती कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवली की लेन्स सेन्सरपासून थोडी दूर जाते आणि अगदी जवळची वस्तू स्पष्ट दिसू लागते. किड्यांच्या वेडाची सुरुवात करायला ती पुष्कळ आहे.

दुसरा आकडा विसरू नका

लेन्सवर आणखी एक आकडा असतो: एफ १.८, एफ ३.५, एफ ५.६ असा. लेन्सची बाहुली किती मोठी उघडते ते तो सांगतो. इथे उलटा कारभार आहे, बरं का! आकडा जितका लहान, तितके भोक मोठे. नाभीय अंतराला या आकड्याने भागले की भोकाचा व्यास येतो. ५० भागिले १.८ म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर. ५० भागिले ५.६ म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलेत तर पहिल्यातून जवळजवळ दहापट उजेड आत येतो!

हा दहापट उजेड कुठे लागतो? गणपतीची आरती चालली आहे, समया पेटल्या आहेत, लहान मुले टाळ्या वाजवत आहेत. एफ ५.६ ला कॅमेऱ्याला एक-दशांश सेकंद डोळा उघडा ठेवावा लागत असेल, तर तेवढ्यात टाळीचा हात हलतो आणि फोटो पुसट येतो. तिथेच एफ १.८ ला साधारण एक-शतांश सेकंद पुरतो. म्हणून माणसांचे, घरातल्या सणांचे, नाटकाच्या तालमीचे फोटो काढणाऱ्यासाठी ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स ही फार गुणी भेट. ती झूम होत नाही. पुढे-मागे व्हायचे ते आपणच, आपल्या पायांनी. पण ती लहान, हलकी आणि बाकीच्यांच्या मानाने स्वस्त असते.

आणि गडावर जाणारा दादा? त्याला बहुतेक वेळा कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ लेन्सच पुरते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा एका चित्रात मावायला १८ मिलिमीटरच कामाला येतात. शिवाय पाठीवर पाणी, डबा आणि कांबळे असताना वर किलोभर लेन्सा कोण वाहणार?

जुळतंय का ते बघा

समजा, बाबांकडे कॅमेरा आहेच आणि तुम्हांला फक्त लेन्स द्यायची आहे. मग कॅमेऱ्याचे नाव आणि मॉडेल नंबर वहीत नीट उतरवून घ्या, कारण एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सहसा बसत नाही. एवढेच नाही, एकाच कंपनीतही दोन-तीन घराणी असतात. निकॉनची ‘एफ’ बैठक १९५९ सालची, ‘झेड’ २०१८ सालची. कॅननची ‘ईएफ’ १९८७ सालची, ‘आरएफ’ २०१८ सालची. सोनीची ‘ई’ २०१० सालची.

२०१८ मध्ये नवे घराणे का लागले? जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असतो. फोटो काढताना तो ‘खटक’ करून वर उचलला जातो. त्याला हलायला जागा हवी, म्हणून कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यात लेन्सची बैठक सेन्सरपासून ४४ मिलिमीटर दूर आहे. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही, त्यामुळे आरएफमध्ये हे अंतर २० मिलिमीटरवर आले. आता डोके चालवा: जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला लागेल का? लागेल. मधले २४ मिलिमीटर भरून काढणारी कडी मिळते, तिला अडॅप्टर म्हणतात. आणि नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्याला? ती लागत नाही, कारण तिला जेवढे जवळ जायचे आहे तिथे आरसा बसला आहे!

निकॉनचे डी३५०० किंवा डी५६०० असे कॅमेरे घरात असतील तर एक खाच लक्षात ठेवा. त्यांच्या पोटात लेन्स फिरवणारी मोटर नाही. जुन्या ‘एएफ-डी’ लेन्सा त्यांना बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. त्यांच्यासाठी ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेली लेन्स बघा.

मेगापिक्सेलची भुरळ

जाहिरातीत सगळ्यांत मोठ्या अक्षरांत काय असते? मेगापिक्सेल! पण किती लागतात, ते आपणच काढू. १२ गुणिले ८ इंचांचा, म्हणजे भिंतीवर लावण्याजोगा फोटो छापायचा आहे. एका इंचात ३०० ठिपके, म्हणजे छपाई उत्तम. ३,६०० गुणिले २,४०० म्हणजे ८६ लाख ४० हजार ठिपके. नऊ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत! आणि ज्या कॅमेऱ्यांतून ६,००० गुणिले ४,००० ठिपक्यांचा फोटो निघतो, ते होतात २४ मेगापिक्सेल. तेव्हा त्या आकड्यामागे पैसे उधळू नका. तेच पैसे लेन्सवर लावा. कॅमेरे दर काही वर्षांनी जुने होतात, चांगली लेन्स मात्र नीट ठेवली तर बरीच वर्षे साथ देते.

आईबाबांसाठी दोन गोष्टी

पहिली गोष्ट, सगळे पैसे कॅमेऱ्यातच घालू नका. शंभरातले वीस रुपये बाजूला ठेवा, असा माझा अनुभवाचा सल्ला. मेमरी कार्ड, जादा बॅटरी, बॅग, धूळ उडवायची रबरी फुंकणी, काच पुसायचे मऊ कापड, हे सगळे लागतेच. पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी मागून घ्या. ‘बिलाशिवाय स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार!

दुसरी गोष्ट, सेकंडहँडला नाके मुरडू नका. अनेक जण डीएसएलआर सोडून मिररलेसकडे वळल्यामुळे चांगले वापरलेले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्सा बाजारात येत असतात. फक्त तपासून घ्या:

• लेन्स टॉर्चच्या उजेडासमोर धरून आरपार बघा. आत धागे, ढग, चरे नकोत.

• जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर फोकस नीट होतो का?

• मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा एफ १६ ला फोटो काढून मोठा करून बघा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे.

• शटर किती वेळा उडाले आहे, ते विचारा. गाडीचे किलोमीटर विचारतो तसे.

• मूळ बिल बघा आणि त्यावरचा नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबराशी जुळवा.

पावसाळ्यातला शत्रू

आपल्याकडे जूनपासून हवेत ओल भरते. बंद, काळोखी कपाट म्हणजे बुरशीला आमंत्रणच. माझ्या चुकीची ही दुसरी बाजू. उपाय मात्र साधा आहे. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कॅमेरा-लेन्स बॅगेतून काढून डब्यात ठेवा. रंग बदलणारे सिलिका जेल मिळते. रंग बदलला की त्याने ओल पिऊन घेतली असे समजा आणि पुड्या बदला. या पुड्या लहान भावंडांच्या हाताला मात्र लागू देऊ नका हं, त्या खायच्या नसतात. आणि सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे कॅमेरा सारखा बाहेर काढणे, वापरणे!

एका डॉलरचा डबा

एवढे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, ‘‘बाप रे, आमच्याकडे कुठले इतके पैसे?’’ थांबा. १९०० साली अमेरिकेत कोडॅक कंपनीने ब्राउनी नावाचा कॅमेरा काढला. पुठ्ठ्याचा डबा, पुढे एक साधे भिंग, किंमत एक डॉलर. मुलांनाही परवडावा म्हणून तो काढला होता. १९१६ साली एका चौदा वर्षांच्या मुलाला आईवडिलांनी असाच एक ब्राउनी भेट दिला. कुटुंब कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या डोंगरदऱ्यांत सहलीला गेले होते. मुलाला त्या डोंगरांनी आणि त्या डब्याने असे काही वेड लावले की तो पुढे जन्मभर तिथे जात राहिला. त्याचे नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. डोंगर, झाडे आणि ढग यांच्या त्याच्या कृष्णधवल छायाचित्रांनी तो जगभर प्रसिद्ध झाला.

ब्राउनीत ना झूम होते, ना मेगापिक्सेल. पण डोंगरांपाशी पोहोचलेल्या मुलाच्या हातात तो वेळेवर पडला. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांनाही आग्फाचा क्लिक-३ आठवत असेल. एका रोलमध्ये मोजून बारा फोटो! त्यामुळे बटण दाबण्याआधी बारा वेळा विचार व्हायचा. अजूनही एखादा महिना ‘दिवसाला बाराच फोटो’ असा नियम करून बघा. नजर किती तयार होते ते तुमचे तुम्हांलाच कळेल.

आणि ती मुंगी?

हो, भाचीची गोष्ट राहिली ना! दिवाळी संपल्यावर ती लांब लेन्स मी मुंबईला आणली. कारागिराने बुरशी काढली, पण काचेवर एक फिकट डाग राहिलाच. तो दाखवूनच लेन्स विकली. निम्मेच पैसे आले. त्यात थोडी भर घालून एक वापरलेली मॅक्रो लेन्स घ्यायची ठरली. पण या वेळी मी एकटा दुकानात गेलो नाही. भाचीला बोलावून घेतले. तिने तीन लेन्सा हाताळल्या, दुकानाच्या काउंटरवरच्या एका माशीचे फोटो काढून बघितले (दुकानदार जरा चमकला!) आणि तिघींतली सगळ्यांत हलकी निवडली.

आठ दिवसांनी तिचा फोटो आला. एक काळा मुंगळा, तोंडात साखरेचा दाणा. त्याच्या पायावरचे केससुद्धा मोजता येत होते. तो फोटो आम्ही छापून आजीला दिला. आजीने चष्मा लावला, बराच वेळ बघितले आणि म्हणाली, ‘‘माझ्या पेन्शनचा मुंगळा!’’ आता तो तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर आहे.

मला विचाराल तर भेट गुपित ठेवण्याच्या नादात मी मोठी चूक केली. गुपितही राहावे आणि चूकही होऊ नये, यासाठी एक युक्ती सुचवतो. छान कागदात गुंडाळून एक रिकामे खोके द्या. आत एक चिठ्ठी: ‘शनिवारी आपण सगळे मिळून कॅमेरा आणायला जाऊ. निवड तुझी, पैसे आमचे.’ खोके उघडतानाचा चेहरा बघण्यासारखा असतो! कॅमेरा प्रत्येकाच्या हातात वेगळा बसतो. कुणाला जड होतो, कुणाच्या बोटाला बटण पुरत नाही. ते दुकानात हातात घेऊनच कळते.

पुढचे आठ दिवस तेवढी पत्रिकेची खिडकी करून बघा आणि घरातल्या प्रत्येकाचा हात कुठे थांबतो त्याची नोंद ठेवा. कुणाचा डोळ्याजवळ, कुणाचा हात लांब करून, आणि कुणी खिडकी घेऊन थेट जमिनीवर आडवे! कॅमेरा घ्यायचा असो वा नसो, एकाच घरातली माणसे किती वेगवेगळे बघतात ते तुम्हांला कळेल. काय दिसले ते आम्हांलाही कळवा, बरं का!